तोच प्रकाश, तोच डोळा – तरी कधी दिसतं, कधी नाही. मेंदूच्या लहरींबद्दल थोडं

शांतरेघ

गेली चौदा वर्षं मी ईईजी काढते, मेंदूच्या विद्युत लहरींची नोंद. म्हणजे रोज पाच-सहा जणांच्या डोक्याला तारा लावायच्या. केसांत भांग पाडत जायचं, टेपने मोजून पेन्सिलीने खुणा करायच्या, खुणेवरची त्वचा खरखरीत पेस्टने घासायची आणि मग चिकट पेस्टमध्ये एकेक चकती दाबून बसवायची. अशा एकवीस जागा. समोर लहान मूल असेल तर हे सगळं गाणी म्हणत म्हणत करावं लागतं.

तारा लावून झाल्या, पडद्यावर रेघा धावायला लागल्या, की मी सांगते, “आता डोळे मिटा.”

डोळे उघडे असतात तेव्हा डोक्याच्या मागच्या भागातल्या रेघा बारीक आणि विस्कटलेल्या असतात. डोळे मिटले की सेकंदा-दोन सेकंदांत त्यांना ठेका सापडतो. गोलसर, एकसारख्या लाटा, एकीमागून एक, सेकंदाला साधारण दहा. “उघडा” म्हटलं की लाटा गायब. पुन्हा मिटा, पुन्हा हजर. हजारो वेळा पाहिलंय, पण अजूनही तो क्षण आला की माझे हात थांबतात.

याच त्या अल्फा लहरी. जर्मनीतल्या येना इथल्या हान्स बर्गर या मनोविकारतज्ज्ञाने १९२४ साली माणसाच्या मेंदूची पहिली विद्युत नोंद घेतली, पण ती प्रसिद्ध करायला १९२९ उजाडलं. स्वतःच्याच नोंदीवर त्याचा विश्वास बसत नव्हता, आणि प्रसिद्ध केल्यावर इतरांचाही बसेना. अखेर १९३४ मध्ये केंब्रिजच्या एड्रियन आणि मॅथ्यूज यांनी तीच नोंद घेऊन दाखवली, तेव्हा कुठे शंका मिटल्या. शंका येणं साहजिक होतं. हा विद्युतदाब असतो पन्नास मायक्रोव्होल्टच्या आसपास. घड्याळात घालतो तो दीड व्होल्टचा सेल त्याच्या तीस हजार पट. पापणी लवली किंवा जबडा आवळला तरी रेघ त्याहून मोठी उसळते.

मागे एका आजोबांनी तपासणी संपल्यावर विचारलं, “डोळे मिटल्यावर मेंदू विश्रांती घेतो, म्हणून त्या लाटा येतात का?” मी “हो” म्हणाले. आम्हाला तसंच शिकवलेलं होतं: काम नसलं की मेंदूचा तो भाग नुसता चालू राहतो, गाडी उभी असताना इंजिन चालू राहावं तसा. नंतर जसजसं वाचत गेले तसतसं लक्षात आलं की मी त्यांना अर्धवट उत्तर दिलं. ते उत्तर पूर्ण करावं म्हणून हा धागा.

गेल्या वीस-पंचवीस वर्षांत अल्फाकडे बघण्याची नजर बदलली आहे. आता बहुतेक संशोधक मानतात की अल्फा म्हणजे आवर घालणं. मेंदूच्या ज्या भागाचं काम आत्ता नको आहे, तिथे अल्फा वाढते आणि त्या भागाला दबवून ठेवते. याचा पुरावा साधा आहे. समोर एका ठिकाणी नजर रोखायला सांगायची आणि डोळे न हलवता लक्ष फक्त डावीकडे द्यायला सांगायचं. डाव्या बाजूचं दृश्य मेंदूच्या उजव्या अर्ध्या भागात पोचतं. तर त्या उजव्या भागात अल्फा कमी होते आणि डाव्या भागात, म्हणजे जिथे दुर्लक्षित बाजू पोचते तिथे, वाढलेली दिसते. अजून काही दिसायचं आहे, त्याच्या आधीच ही तयारी झालेली असते.

आणि मला सगळ्यात विलक्षण वाटलेली गोष्ट याच्या पुढची आहे. प्रयोगशाळेत दिव्याची इतकी पुसट चमक दाखवतात की माणसाला ती निम्म्या वेळा दिसते आणि निम्म्या वेळा दिसत नाही. चमक तीच, डोळा तोच, माणूस तोच, लक्षही तिकडेच. मग फरक कशाने पडतो? २००९ मध्ये दोन वेगवेगळ्या गटांनी हे तपासलं. चमक येण्याच्या क्षणी मेंदूची लाट वर होती की खाली, म्हणजे तिची फेज काय होती, यावर दिसणं-न दिसणं काही अंशी अवलंबून असल्याचं दोघांनाही आढळलं.

मुलं दोरीवरच्या उड्या खेळतात तेव्हा दोघं दोरी फिरवतात आणि तिसरा बाहेर उभा राहून आत शिरायचा क्षण धरतो. क्षण चुकला की दोरी पायाला लागते. इथेही दोरी फिरतेच आहे, सेकंदाला सात ते दहा फेरे. पण प्रकाशाला दोरीकडे बघत थांबता येत नाही. तो आला तेव्हा आला.

म्हणजे आपल्याला जे दिसतं, ऐकू येतं, ते बाहेरून जे आलं त्यावर तर ठरतंच, पण आत त्या क्षणी काय चाललं होतं त्यावरही ठरतं. मला एवढंच सांगायचं आहे. इथे या विषयातले जाणकार आहेत, त्यांनी भर घालावी, चुकलं असेल तर दुरुस्त करावं.

ओलीपाटी

फार सुंदर लिहिलंय. दोरीच्या उड्यांचं उदाहरण उद्या वर्गात वापरणार, परवानगी गृहीत धरते.

एक शंका. हे जर सेकंदाला दहा वेळा उघडझाप झाल्यासारखं असेल, तर आपण जग सलग बघतो की तुकड्यातुकड्यांनी? चित्रपटात गाडीचं चाक उलटं फिरताना दिसतं, तसं कधीकधी प्रत्यक्षातही दिसल्यासारखं वाटतं. तो याचाच परिणाम का?

अभ्रक

ओलीपाटी, प्रश्न नेमका आहे आणि यावर बरीच वर्षं वाद चाललाय.

चित्रपटातलं उलटं चाक कॅमेऱ्यामुळे दिसतं. सेकंदाला २४ चित्रं घेतली जातात, दोन चित्रांच्या मध्ये आरा जवळजवळ पुढच्या आऱ्याच्या जागी पोचला की आपल्याला तो मागे सरकल्यासारखा वाटतो. लुकलुकणाऱ्या दिव्याखाली पंखा बघितला तरी तसंच होतं. पण १९९६ मध्ये पर्व्हिस आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की सलग, न लुकलुकणाऱ्या उजेडातही लोकांना फिरणारी गोष्ट अधूनमधून उलटी फिरल्यासारखी दिसते. पुढे व्हॅनरूलन यांच्या गटाला आढळलं की नक्षी सेकंदाला साधारण दहा वेळा पुढे सरकत असेल तेव्हा हा भास सर्वाधिक होतो. दहा हा आकडा आला की सगळ्यांचे कान टवकारतात, कारण अल्फाही तिथेच आहे.

पण दुसरी बाजूही आहे. मेंदू खरंच चित्रपटासारखी चित्रं टिपत असेल, तर शेजारी-शेजारी फिरणारी दोन चाकं एकाच वेळी उलटी फिरायला हवीत. २००४ मध्ये हे करून बघितलं गेलं. तशी ती फिरत नाहीत. एक उलटं फिरताना दिसतं तेव्हा दुसरं सुलटंच. त्यामुळे काहींचं म्हणणं असं की ही दोन दिशा ओळखणाऱ्या पेशींमधली चढाओढ आहे: एका दिशेच्या पेशी दमल्या की विरुद्ध दिशेच्या पेशींचं म्हणणं वरचढ होतं. मला हे जास्त पटतं. “मेंदू म्हणजे दहा चित्रांचा कॅमेरा” हे वाक्य ऐकायला छान आहे, पण पुरावा तेवढा नाही.

२००९ च्या प्रयोगांबद्दलही एक भर. फेजमुळे फरक पडतो हे खरं, पण किती? त्यातल्या एका अभ्यासात दिसण्या-न दिसण्यातल्या चढउतारापैकी साधारण १६ टक्के भाग फेजने समजावता आला. हे कमी नाही, पण उरलेले ८४ टक्के दुसऱ्या कशाचे तरी आहेत. आणि नंतर काही गटांना असा परिणाम सापडलाही नाही.

शांतरेघ

ओलीपाटी, अवश्य वापरा.

अभ्रक, १६ टक्क्यांचा आकडा मी द्यायला हवा होता. पण माझं कुतूहल त्या १६ टक्क्यांमुळेच आहे. दिवा तोच असताना, बाहेरून काहीही न बदलता, आतल्या लाटेची नुसती जागा एवढा भाग उचलते!

चित्रपटाबद्दल मान्य. पण एक भास मी स्वतः करून बघितला आहे. पडद्यावर कडेला एक पांढरा ठिपका एकदाच चमकतो आणि त्याच वेळी कानात पाठोपाठ दोन बीप वाजतात. मला ठिपका दोनदा चमकलेला दिसला. माहीत होतं की एकदाच चमकतोय, तरी दोनदा दिसला. अगदी लख्ख, कल्पनेचा खेळ म्हणता येणार नाही इतका. हा भास २००० साली शम्स आणि सहकाऱ्यांनी जगासमोर आणला. दोन बीपमधलं अंतर वाढवत नेलं की एका टप्प्यानंतर भास नाहीसा होतो, आणि तो टप्पा साधारण शंभर मिलिसेकंदांचा, म्हणजे अल्फाच्या एका लाटेएवढा. २०१५ मध्ये रोमेई यांच्या गटाने प्रत्येकाची स्वतःची अल्फा मोजली. ज्यांची लाट संथ, त्यांच्यात भास जास्त अंतरापर्यंत टिकला. ज्यांची जलद, त्यांच्यात लवकर मोडला.

माझ्या कामामुळे मला हे फार जवळचं वाटलं. कारण प्रत्येकाची लाट वेगळी असते हे मी रोज बघते. तीन वर्षांच्या मुलाची सेकंदाला आठ, नऊ वर्षांच्या मुलाची नऊ, पंधराव्या वर्षाच्या सुमारास दहा. कुणाकुणाची साडेअकरा. म्हातारपणी पुन्हा थोडी संथ होते. मग त्या तीन वर्षांच्या मुलाचा “एकाच वेळी” आणि माझा “एकाच वेळी” सारखा नसेल का, असा विचार मनात येतो.

अभ्रक

विचार रास्त आहे, पण इथेही ब्रेक लावावा लागेल. २०२२ मध्ये याच प्रश्नावर आणखी काटेकोर अभ्यास झाला, प्रत्येक माणसावर भरपूर फेऱ्या घेऊन. त्यात अल्फाचा वेग आणि भासाची वेळ यांचा संबंध दिसला नाही. त्यामुळे हा प्रश्न मिटला असं कुणीच म्हणू नये, या बाजूनेही नाही आणि त्या बाजूनेही.

आणखी एक बारकावा सांगतो, तो मला स्वतःला कळायला बराच वेळ लागला होता. अल्फाचा जोर कमी असताना पुसट चमक जास्त वेळा “दिसली” असं लोक सांगतात. ऐकलं की वाटतं, तेव्हा नजर तीक्ष्ण होत असणार. पण त्याच प्रयोगात मधूनमधून चमक न दाखवताही विचारतात, “दिसली का?” अल्फा कमी असताना लोक तेव्हाही जास्त वेळा “हो” म्हणतात. म्हणजे नजर तीक्ष्ण झालेली नसते, “दिसलं” म्हणण्याचा उंबरठा खाली आलेला असतो. खरी चमक आणि आतला गोंगाट, दोन्ही सारखेच उचलले जातात. रात्री घरात एकटं असताना प्रत्येक खुट्ट आवाज ऐकू येतो, आणि न झालेलेही दोन-चार ऐकू येतात, तसं काहीसं. ही तुलना माझी, कुठल्या प्रयोगातली नाही.

सायंतारा

वाचतेय. विषय अवघड असूनही वाचवत नेलंत.

थोडं वैयक्तिक विचारते. तीन वर्षांपूर्वी माझ्या भावाच्या दुचाकीला वळणावर एका गाडीने धडक दिली. पाय वाचला, पण वर्ष गेलं. गाडी चालवणारा पुन्हा पुन्हा एकच सांगत होता, “मला दिसलाच नाही हो.” आम्हाला ते सरळ खोटं वाटलं, आणि त्याचा राग अजूनही आहे. आज हे वाचून मन गोंधळलं. खरंच दिसला नसेल का? त्या क्षणी त्याची लाट...?

शांतरेघ

सायंतारा, भाऊ सावरला हे वाचून बरं वाटलं.

पण नाही. लाटेची फेज हे त्याचं कारण असू शकत नाही, आणि हे मी लेखातच स्पष्ट करायला हवं होतं. हा परिणाम उंबरठ्यावरच्या गोष्टींपुरता आहे, दिसेल-न दिसेल इतक्या पुसट, क्षणभराच्या चमकेपुरता. दिवसाउजेडी दुचाकीवरचा माणूस पुसट नसतो आणि क्षणभरापुरताही नसतो. एक लाट हुकली तर शंभर मिलिसेकंदांत दुसरी येते, मग तिसरी.

तरीही “दिसला नाही” हे खरं असू शकतं, दुसऱ्या कारणांनी. आपली नजर सेकंदाला तीन-चार उड्या मारते आणि उडी चालू असताना मेंदू दृश्य जवळजवळ बंद ठेवतो. आरशासमोर उभ्या राहा, एकदा स्वतःच्या डाव्या डोळ्याकडे बघा, मग उजव्या. पुन्हा डाव्या. स्वतःचे डोळे हलताना तुम्हाला कधीच दिसणार नाहीत. शेजारी उभ्या असलेल्या माणसाला मात्र स्पष्ट दिसतील. वळणावर घाईने इकडून तिकडे बघणाऱ्या माणसाची नजर ज्या दोन जागी टेकते त्यांच्या मधली गोष्ट सुटू शकते. लक्ष दुसरीकडे असेल तर डोळ्यासमोरचंही सुटतं.

यातलं काहीही त्याची जबाबदारी कमी करत नाही. थांबून, मान वळवून पुन्हा एकदा बघायचं असतं ते यासाठीच. पण तो खोटं बोलत होता असंच काही नाही.

सायंतारा

आरशाचं आत्ता करून बघितलं. दोन मिनिटं नुसती उभी होते. भावाला दाखवणार आहे.

स्पर्शलिपी

मी जन्मापासून अंध आहे. हा धागा स्क्रीन रीडरवर ऐकला, सगळे प्रतिसाद धरून. सगळं उदाहरण दिसण्याचंच चाललंय, म्हणून विचारते: ऐकण्याचं काय? स्पर्शाचं काय? आणि शांतरेघताई, माझ्या डोक्याला तारा लावल्यात तर “डोळे मिटा” म्हटल्यावर तुम्हाला काय दिसेल?

शांतरेघ

स्पर्शलिपी, तुम्ही विचारलंत ते फार बरं झालं. दिसण्यावर जास्त प्रयोग झालेत म्हणून लेख तिकडेच झुकला.

आधी शेवटचं. जन्मापासून अंध असलेल्या व्यक्तींत मागच्या भागातली अल्फा बहुधा फार क्षीण असते किंवा जवळजवळ नसतेच. माझ्याकडे असे दोघं आले होते. दोघांच्याही रेघा डोळे मिटल्यावर बदलल्या नाहीत. पण तो भाग रिकामा पडून राहतो असं समजू नका. ब्रेल वाचताना, आवाज ऐकताना तोच भाग कामाला लागतो हे मेंदूच्या छायाचित्रणातून दिसलं आहे.

स्पर्शाची स्वतःची लाट आहे, तिला म्यू म्हणतात. डोक्याच्या मधल्या पट्ट्यात दिसते, वेग अल्फासारखाच, पण आकार कमानींच्या रांगेसारखा, एका बाजूने टोकदार. डोळे उघडले तरी ती जात नाही. मूठ वळा म्हटलं की जाते. नुसती वळायचा विचार केला तरी कमी होते! आणि एका हाताला स्पर्श होणार आहे हे आधी कळलं तर त्या हाताचा भाग सांभाळणाऱ्या बाजूला ती ओसरते. डोळ्यांबाबत जे सांगितलं तेच इथेही.

ऐकण्याबद्दल अभ्रकना जास्त माहिती आहे.

अभ्रक

ऐकण्यात मुख्य पात्र थीटा नावाची लाट, अल्फाहून संथ, सेकंदाला चार ते आठ. कुठल्याही भाषेत माणूस सहज बोलतो तेव्हा अक्षरं, म्हणजे उच्चाराचे घटक, साधारण याच वेगाने येतात. बोलणं ऐकताना ध्वनिकेंद्रातली थीटा लाट त्या चढउताराशी पाऊल जुळवून चालते. लाटेमुळे समजतं की समजल्यामुळे लाट जुळते, यावर वाद आहे. पण एक प्रयोग असा आहे की तो ऐकल्यावर मी त्या रात्री नीट झोपलो नव्हतो.

२००९ साली गित्झा आणि ग्रीनबर्ग यांनी वाक्यं तिप्पट वेगाने वाजवली. निम्म्याहून जास्त शब्द ऐकणाऱ्यांच्या हातून सुटले. मग त्यांनी त्याच वेगवान आवाजाचे ४० मिलिसेकंदांचे तुकडे केले आणि प्रत्येक तुकड्यानंतर शांतता घातली. आवाजात काहीही वाढवलं नाही, फक्त मध्ये मोकळी जागा. शांतता ८० मिलिसेकंदांची असताना चुका सगळ्यात कमी झाल्या. शांतता त्याहून कमी ठेवली तरी चुका वाढल्या, जास्त ठेवली तरी वाढल्या. हिशोब करा: ४० आणि ८० मिळून १२०, म्हणजे सेकंदाला आठच्या जरा वर तुकडे. अगदी थीटाच्या काठावर. जणू ऐकणाऱ्या मेंदूला घास गिळायला तेवढाच वेळ लागतो. ही शांतता एकसारख्या अंतराने न घालता वेडीवाकडी घातली, तर फायदा कमी होतो.

स्पर्शलिपी

माझा रीडर ज्या वेगाने चालतो तो डोळस मंडळींना नुसता किचकिचाट वाटतो. घरचे म्हणतात, टेप अडकली आहे. मग माझी थीटा कुठे गेली?

अभ्रक

हाच प्रश्न जर्मनीतल्या एका गटाने अभ्यासला आहे. सरावलेले अंध श्रोते सेकंदाला साधारण २२ अक्षरांपर्यंतचं बोलणं समजू शकतात. बिनसरावाचे डोळस श्रोते आठ-दहाच्या पुढे अडतात. अशा अंध श्रोत्यांमध्ये ऐकताना दृष्टिकेंद्राचा भागही, विशेषतः उजवीकडचा, कामाला लागलेला दिसतो. म्हणजे थीटाची मर्यादा दगडावरची रेघ नाही, सरावाने दुसरी वाट तयार होते.

तुमची हरकत नसेल तर एक करू. मी एक साधा परिच्छेद रेकॉर्ड करतो, तिप्पट वेगाने एक फाइल आणि ४०-८० वाली दुसरी. आवाजाचं संपादन करणाऱ्या कुठल्याही सॉफ्टवेअरवर होतं. तुम्ही ऐका आणि घरातल्या कुणालाही ऐकवा.

स्पर्शलिपी

पाठवा. आवडेल.

मंजिरी_व

चर्चेत थोडा खंड पाडते, पण सांगणं गरजेचं आहे. लहरींवर बाहेरून परिणाम करण्याचे व्हिडिओ सध्या खूप फिरतायत, लुकलुकणारे. माझ्या मुलीला प्रकाशाने येणारी फिट आहे. ती अकरा वर्षांची असताना एका कार्यक्रमात मंचावरचे दिवे जोरात लुकलुकायला लागले आणि ती माझ्या शेजारच्या खुर्चीतून खाली गेली. दिवे बंद करा म्हणून मी ओरडत होते, आयोजकांना वाटलं गर्दीतला गोंधळ. दिवे सुरूच राहिले. आधी एक सूचना लावली असती तरी आम्ही आत गेलो नसतो.

डिसेंबर १९९७ मध्ये जपानमध्ये एका कार्टूनच्या भागात लाल-निळा प्रकाश सेकंदाला साधारण बारा वेळा बदलला आणि जवळपास सातशे जणांना, बहुतेक मुलांना, रुग्णालयात न्यावं लागलं. त्यातल्या बऱ्याच जणांना आधी कधीच फिट आलेली नव्हती.

डॉक्टरांनी आम्हाला शिकवलेलं: लुकलुक सुरू झाली तर एक डोळा तळहाताने पूर्ण झाकायचा आणि तोंड फिरवायचं. नुसते डोळे मिटून उपयोग नाही, पापणीतून उजेड आत जातोच. कृपया सगळ्यांनी लक्षात ठेवा.

शांतरेघ

मंजिरी, लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार. आमच्याकडे तपासणीत डोळ्यांसमोर लुकलुकणारा दिवा धरतात. मागच्या भागातल्या लाटा दिव्याच्या तालात चालायला लागतात, दिवा दहा तर लाट दहा, दिवा बारा तर लाट बारा. हे निरोगी मेंदूतही होतं. काही मेंदूंत मात्र ती लाट आवरत नाही, पसरत जाते. सेकंदाला १५ ते २५ चमका सर्वाधिक धोक्याच्या. आम्ही रेघेवर डोळा ठेवून असतो आणि पहिलं चिन्ह दिसताच दिवा बंद करतो. घरी मोबाइलसमोर बसलेल्या माणसाची रेघ बघायला कुणी नसतं. प्रयोग म्हणून असले व्हिडिओ लावू नका.

नवखा_वाचक

मग ते हेडफोनवरचे आवाज? दोन कानांत वेगवेगळे सूर, त्याने अल्फा वाढून एकाग्रता येते म्हणतात. मी महिनाभर ऐकतोय, अभ्यासाला बसताना.

अभ्रक

एका कानात ४००, दुसऱ्यात ४१० कंपनांचा सूर दिला की सेकंदाला दहाचा ठोका ऐकू येतो, जो बाहेर कुठेच नसतो. दोन्ही कानांचे संदेश मेंदूच्या खोडात एकत्र येतात तिथे तो तयार होतो. एकोणिसाव्या शतकापासून हे माहीत आहे. पण त्याने मेंदूच्या मोठ्या लाटा त्या तालात येतात का, यावर अभ्यासांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत. एकाग्रतेचं तर त्याहून धूसर. अपाय नाही. तुम्हाला बसायची सवय लागली असेल तर ऐकत राहा, श्रेय मात्र सवयीला द्या.

असाच सावधपणा ४० च्या दिव्यांबाबत ठेवावा. सेकंदाला ४० वेळा लुकलुकणाऱ्या प्रकाशाने उंदरांच्या मेंदूतला अल्झायमरशी संबंधित प्रथिनाचा साठा कमी झाल्याचं २०१६ मध्ये जाहीर झालं. २०२३ मध्ये दुसऱ्या प्रयोगशाळेला ते पुन्हा दिसलं नाही. माणसांवरच्या चाचण्या चालू आहेत. घरातल्या वृद्धांसाठी कुणी असं उपकरण विकत घ्यायचं म्हणत असेल तर आधी त्यांच्या डॉक्टरांना विचारा.

ओलीपाटी

झोपेतलं कुणी सांगाल का? घरात एक जण ढोल वाजला तरी उठत नाही, दुसरा चमचा पडला तरी जागा.

शांतरेघ

झोपेच्या नोंदीत अर्ध्या-एक सेकंदाचे, मधे फुगीर आणि दोन्हीकडे निमुळते झुबके येतात, चातीवर गुंडाळलेल्या सुतासारखे. सेकंदाला ११ ते १६ लाटांचे. ते मेंदूच्या मधोमध खोल असलेल्या थॅलॅमस या भागातून उठतात, आणि बाहेरचे आवाज वर जाण्याची वाट तिथूनच जाते. २०१० च्या एका अभ्यासात शांत रात्री ज्यांचे झुबके जास्त, ते पुढच्या रात्री गोंगाटातही जास्त टिकून झोपले. तुमच्या ढोलवाल्याचे भरपूर असणार!

स्पर्शलिपी

अभ्रक, दोन्ही फाइल्स ऐकल्या. बहिणीलाही ऐकवल्या, तिला आधी काहीच सांगितलं नव्हतं.

पहिली, नुसती तिप्पट वेगाची: बहिणीला “पाऊस” आणि “परत” एवढे दोन शब्द कळले. मला सगळा परिच्छेद कळला, शेवटच्या ओळीतलं एक नाव सोडून.

दुसरी, तुकड्यांची: बहीण ऐकता ऐकता एकदम बोलायला लागली. आवाज तुटक, यंत्रासारखा, पण अर्ध्याहून जास्त वाक्यं तिने म्हणून दाखवली. पुन्हा लाव म्हणाली. आणि मला मात्र ती फाइल त्रासदायक वाटली. अर्थ लागतो, पण प्रत्येक घासानंतर कुणी हात धरून थांबवतंय असं. शब्द मी आधीच ओळखलेला असतो आणि आवाज अजून मागेच.

अभ्रक

हे मी अपेक्षिलं नव्हतं. दोन श्रोत्यांवरून काही सिद्ध होत नाही, त्यात बहिणीने तेच वाक्य आधीच्या फाइलमध्ये ऐकलेलं होतं, ती माझी चूक. वेगळा परिच्छेद घेऊन क्रम उलटा करून पाठवतो. शिवाय शांतता ८० ऐवजी ४०, २० अशी कमी करत नेलेल्या फाइल्सही करतो. तुम्हाला कुठली सगळ्यात सुखाची वाटते तेवढं सांगा. आकडा आधी सांगणार नाही.

स्पर्शलिपी

पाठवा. बहीण आत्तापासूनच हेडफोन घेऊन बसली आहे.